फायबर लेझरच्या पोटात: पंप डायोड आणि ब्राइटनेसचं गणित

फायबर लेझर कटिंग मशीनचं कुठलंही कोटेशन उघडा, सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो: किती किलोवॅट. १.५, ३, ६, १२. आकडा खोटा नसतो, पण मशीन पत्रा कापतं ते का, हे तो सांगत नाही. बाथरूममधल्या इन्स्टंट गीझरवरही ३ किलोवॅट लिहिलेलं असतं. त्याने पाणी तापतं, लोखंड कापलं जात नाही. फरक पडतो तो हे वॅट किती लहान जागेत आणि किती सरळ रेषेत येतात याने. या गुणाला ब्राइटनेस म्हणतात, आणि फायबर लेझरचं सगळं डिझाइन त्याच्याभोवती फिरतं.

मी लेझर मशीनच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करतो, ऑप्टिक्सवाला नाही. त्यामुळे समीकरणं जवळपास नाहीत. आकडे मात्र देणार आहे, कारण आकड्यांशिवाय या विषयात फक्त "अत्याधुनिक तंत्रज्ञान" असे शब्द उरतात.

पंप म्हणजे काय?

लेझरला स्वतःची ऊर्जा नसते. कुणीतरी ती आत भरावी लागते, त्या भरण्याला पंपिंग म्हणतात. फायबर लेझरमध्ये काचेच्या धाग्याच्या मधोमध, म्हणजे कोअरमध्ये, यटर्बियम नावाच्या धातूचे अणू मिसळलेले असतात. त्यांच्यावर ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते तो शोषून घेतात आणि १०३० ते १०८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात परत देतात. धाग्याच्या दोन्ही टोकांना धाग्यातच कोरलेले आरसे असतात (त्यांना ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात). त्यांच्यामध्ये हा प्रकाश येरझाऱ्या घालत वाढतो आणि कमी परावर्तन असलेल्या टोकातून बाहेर पडतो. हे सगळे प्रकाश इन्फ्रारेड आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते दिसत नाहीत म्हणूनच जास्त धोकादायक.

कल्पना जुनी आहे. अमेरिकन ऑप्टिकल कंपनीत काम करणाऱ्या एलियास स्निट्झर यांनी १९६१ मध्येच काचेच्या फायबरमधल्या लेझरवर लिहिलं होतं. १९६४ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स कोस्टर यांनी फ्लॅशलॅम्पभोवती फायबर गुंडाळून ॲम्प्लिफायर करून दाखवला. पण पुढची वीसेक वर्षं हा प्रकार प्रयोगशाळेतच राहिला. कारण साधं होतं: चांगला बीम हवा तर कोअर बारीक हवा, फार तर १०-२० मायक्रॉनचा. एवढ्या बारीक छिद्रात भरपूर पंप प्रकाश घालायचा कसा?

उत्तर १९८८ च्या सुमारास आलं, आणि त्यातही स्निट्झर होतेच. कोअरभोवती काचेचा दुसरा, जाड थर द्यायचा आणि पंप प्रकाश त्या जाड थरात सोडायचा. याला डबल-क्लॅड फायबर म्हणतात. जाड थराच्या बाहेर कमी अपवर्तनांकाचं प्लॅस्टिक असतं, त्यामुळे पंप प्रकाश आतच उड्या मारत पुढे जातो आणि जाता जाता पुन्हा पुन्हा कोअर ओलांडतो. प्रत्येक वेळी थोडा शोषला जातो. हा थर बऱ्याचदा गोल न करता अष्टकोनी करतात. गोल असेल तर काही किरण कोअरला न शिवता बाहेरून नुसते गोल गोल फिरत राहतात. कोपरे त्यांची ती सवय मोडतात.

पंपाने जाड दारातून आत यायचं, लेझरने बारीक दारातून बाहेर पडायचं. आजचे किलोवॅटचे फायबर लेझर या युक्तीवर उभे आहेत. मग प्रश्न एवढाच उरतो की जाड दार किती जाड ठेवायचं. आणि इथेच डायोडचा ब्राइटनेस मधे येतो.

नरसाळं चालत नाही

लहानपणी भिंगाने कागद सगळ्यांनीच जाळलाय. सूर्याचा प्रकाश एका ठिपक्यात गोळा होतो, मग दोन भिंगं लावून आणखी लहान ठिपका करता येईल का? एका मर्यादेपुढे नाही. ठिपका लहान करायला गेलं की किरण जास्त तिरके येऊ लागतात. व्यास अर्धा केला तर कोन साधारण दुप्पट होतो. लेन्स, आरसे, निमुळती होत जाणारी काच, काहीही वापरा, व्यास गुणिले कोन हा गुणाकार कमी होत नाही. नरसाळ्यात पाणी ओतलं की ते अरुंद तोंडातून निमूट बाहेर पडतं. प्रकाश तसं ऐकत नाही.

फायबरच्या भाषेत हा कोन न्यूमेरिकल ॲपर्चर या आकड्याने सांगतात. पंप डायोडच्या मॉड्यूलमधून येणारा नेहमीचा फायबर १०५ मायक्रॉन कोअरचा आणि ०.२२ ॲपर्चरचा असतो. लेझरच्या डबल-क्लॅड फायबरचा जाड थर समजा ४०० मायक्रॉनचा आणि ०.४६ ॲपर्चरचा. आता हिशोब करू. पंपाकडे १०५ × ०.२२ म्हणजे २३.१. दाराकडे ४०० × ०.४६ म्हणजे १८४. भागाकार साधारण ८, आणि तो दोन्ही दिशांना लागू असल्याने वर्ग करायचा: सुमारे ६३. म्हणजे १०५ मायक्रॉनचे जास्तीत जास्त ६३ पंप फायबर या दारातून आत जाऊ शकतात. ही निसर्गाने घातलेली कमाल मर्यादा, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी जातात.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. सर्व्हर हवे तेवढे विकत घ्या, पण स्विचला पोर्ट मोजकेच आहेत. मग प्रत्येक पोर्टमधून किती डेटा जातो, त्यावरच सगळं अवलंबून.

प्रत्यक्षात हे पंप फायबर आत जातात ते कंबाइनरमधून. उसाची मोळी डोळ्यांसमोर आणा: मधे एक, भोवती सहा. मधला फायबर लेझर सिग्नलचा, भोवतीचे सहा पंपाचे. ही मोळी तापवून ओढतात, ती निमुळती होत एकजीव होते आणि मग डबल-क्लॅड फायबरला जोडतात. ओढून बारीक केलं की आतल्या प्रकाशाचा कोन वाढतो, नियम तोच. कोन ०.४६ च्या पुढे गेला की प्रकाश काचेत न राहता बाहेरच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतो आणि प्लॅस्टिक जळतं.

डायोड: तेजस्वी, पण वेडावाकडा

पंपासाठी वापरतात ती चिप गॅलियम आर्सेनाइडच्या कुटुंबातली. पहिला सेमीकंडक्टर लेझर १९६२ चा, पण तो अतिशीत तापमानातच चाले. खोलीच्या तापमानाला सलग चालणारा १९७० मध्ये आला. त्यामागच्या कामासाठी झोरेस अल्फेरोव यांना २००० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आजच्या पंप चिपचं प्रकाश सोडणारं तोंड साधारण १०० मायक्रॉन रुंद आणि जेमतेम १ मायक्रॉन उंच असतं. लेटरबॉक्सच्या फटीसारखं. एवढ्या फटीतून १० ते २० वॅट बाहेर पडतात, आणि विजेचं प्रकाशात रूपांतर ५० टक्क्यांच्या वर. सीएफएल-एलईडीच्या जमान्यातही हा आकडा मला थक्क करतो.

गंमत अशी की या बीमच्या दोन दिशा दोन वेगळ्या स्वभावांच्या असतात. उंचीच्या दिशेला तो झपाट्याने पसरतो, पण शिस्तीत: एका बारीक लेन्सने जवळपास पूर्ण सरळ करता येतो. रुंदीच्या दिशेला तो कमी पसरतो, पण आतून विस्कळीत असतो, आणि तो विस्कळीतपणा कुठलीही लेन्स दुरुस्त करत नाही. म्हणून मॉड्यूल बनवणारे चिप्स जिन्याच्या पायऱ्यांवर बसवतात. प्रत्येक चिप थोडी वर, प्रत्येकीपुढे तिच्या लेन्सा आणि एक छोटा आरसा. सगळे बीम वहीच्या पानांसारखे एकावर एक रचले जातात, कारण उंचीच्या दिशेला जागा शिल्लक असते. मग अशा दोन गठ्ठ्यांपैकी एकाचं पोलरायझेशन ९० अंशांनी फिरवून ते एकमेकांत मिसळतात. त्याच जागेत, त्याच कोनात दुप्पट वॅट. शेवटी एका लेन्समधून सगळं १०५ मायक्रॉनच्या फायबरमध्ये.

डझनभर चिप्स, प्रत्येकी १४ वॅट, वाटेत थोडी गळती: तर एका मॉड्यूलमधून साधारण १५० वॅट. चिप सुधारली, रुंदीच्या दिशेचा विस्कळीतपणा कमी झाला, की त्याच १०५ मायक्रॉनमधून ३०० वॅटही काढता येतात. मॉड्यूलचं बाहेरचं रूप तेच, फायबर तोच, ब्राइटनेस दुप्पट.

ब्राइट डायोडचा खरा फायदा कुठे?

सहज वाटेल की ब्राइट डायोड म्हणजे जास्त पॉवर. तो फायदा आहेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच: फायबर आखूड होतो.

कसं ते बघा. कोअर २० मायक्रॉनचा, जाड थर ४०० चा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर १:४००. म्हणजे पंप प्रकाशाचा अगदी छोटा भाग एका वेळी कोअरमध्ये असतो, शोषण हळूहळू होतं आणि पंप संपवायला समजा १० मीटर फायबर लागतो. आता थर २०० मायक्रॉनचा केला तर गुणोत्तर १:१००. शोषण चौपट, फायबर अडीच मीटर.

पण थर २०० चा केला की दारही लहान झालं. मघाचा हिशोब पुन्हा केला तर ६३ ऐवजी जेमतेम १६ पंप फायबर मावतात. १५० वॅटच्या मॉड्यूलने कमाल २.४ किलोवॅट, म्हणजे ३ किलोवॅटचा लेझर कागदावरसुद्धा होत नाही. ३०० वॅटच्या मॉड्यूलने ४.८, आता होतो. आखूड फायबर परवडायचा असेल तर ब्राइट डायोड लागतोच.

आखूड कशाला हवा? एक म्हणजे रामन स्कॅटरिंगमुळे. हो, आपल्या सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाचाच हा परिणाम, फक्त इथे नको असलेला. बारीक कोअरमध्ये किलोवॅटचा प्रकाश लांबवर गेला की काचेचे रेणू त्यातली थोडी ऊर्जा खातात आणि १०७० चा प्रकाश ११२० नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. एकदा हे सुरू झालं की भराभर वाढतं. ग्रेटिंग, फिल्टर, सगळं १०७० साठी बनवलेलं असतं, ११२० ला ते अडवत नाही. रामनची मर्यादा लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते: लांबी चौथाई तर मर्यादा ढोबळमानाने चौपट.

फुकट मात्र काही नाही. तीच उष्णता आता अडीच मीटरमध्ये कोंबली जाते. ९७६ चा फोटॉन घेऊन १०७० चा दिला तर प्रत्येक फोटॉनमागे सुमारे ९ टक्के ऊर्जा उष्णता म्हणून काचेत राहते. ३ किलोवॅटच्या लेझरला ती झाली जवळजवळ ३०० वॅट. जुने तीन पिवळे बल्ब केसापेक्षा थोड्या जाड धाग्यात. शिवाय उष्णता एकवटली की आणखी एक दुखणं येतं: एका मर्यादेच्या वर बीम अचानक थरथरायला लागतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा आपला आकार बदलतो. याला ट्रान्सव्हर्स मोड इन्स्टॅबिलिटी म्हणतात. २०१० च्या आसपास जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी हे नीट मांडलं, आणि तोवर फक्त रामनची चिंता करणाऱ्यांना नवी चिंता मिळाली. म्हणून थर किती बारीक करायचा हे ठरवणं म्हणजे एका बाजूला रामन, दुसऱ्या बाजूला उष्णता, अशी दोरीवरची कसरत असते.

डायोडने थेटच का कापत नाहीत?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ३ किलोवॅट हवेत, पंप ३.७५ किलोवॅट लागतो, म्हणजे १५० वॅटची २५ मॉड्यूल. मधला फायबर काढून टाका आणि हाच प्रकाश पत्र्यावर मारा, २० टक्के गळती वाचेल.

करून बघू, कागदावर. २५ मॉड्यूलचा प्रकाश उत्तम रीतीने एकत्र केला आणि कटिंग हेडमध्ये असतो तशा साधारण ५० मिलिरेडियन कोनाने फोकस केला, तर ठिपका होतो २.३ मिलिमीटरचा. फायबर लेझरच्या बीमचा, त्याच कोनाने, सुमारे ०.०८ मिलिमीटर. क्षेत्रफळात ८०० पटींचा फरक. पॉवर जवळपास तीच, पण एक पत्रा कापतो आणि दुसरा तापवतो. (तापवणंही कामाचं असतं. पृष्ठभाग कडक करायला, क्लॅडिंगला डायोड लेझर थेट वापरतात.)

म्हणून फायबर लेझरला ब्राइटनेस कन्व्हर्टर म्हणतात. लेन्स जे करू शकत नाही ते यटर्बियमचा अणू करतो: तो पंप फोटॉन कुठल्या कोनातून आला ते विसरतो आणि कोअरच्या शिस्तीत नवा फोटॉन देतो. त्या विसरण्याची किंमत म्हणजे मघाची ९ टक्के उष्णता.

९१५ की ९७६?

यटर्बियम ९७६ ला जोरात शोषतो, पण तो सुळका काही नॅनोमीटरच रुंद आहे. ९१५ ला शोषण साधारण एक तृतीयांश, पण ऐसपैस पठार. डायोडची तरंगलांबी मात्र तापमानाबरोबर सरकते, अंश सेल्सिअसला साधारण ०.३ नॅनोमीटर. चिप १० अंशांनी तापली तर ३ नॅनोमीटर, म्हणजे सुळक्यावरून घसरायला पुरेसं. न शोषलेला पंप मग पलीकडच्या टोकाला पोचतो आणि तिथे जाळपोळ करतो.

९१५ घेतला तर हे टळतं, पण फायबर तिप्पट लांब, आणि लांब म्हणजे रामन. ९७६ घेतला तर तरंगलांबी बांधून ठेवावी लागते. त्यासाठी मॉड्यूलमध्ये काचेचा एक छोटा ठोकळा असतो, व्हॉल्यूम ब्रॅग ग्रेटिंग. तो नेमक्या तरंगलांबीचा थोडा प्रकाश डायोडला परत देतो आणि डायोड तिथेच अडकून राहतो. तरी पाण्याचं तापमान सांभाळावं लागतंच.

इथे आपल्याकडच्या हवेचा संबंध येतो. मे महिन्यात शेडमध्ये चाळीशी गाठली की लोक चिलरचा आकडा खाली ओढतात, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तो तसाच राहतो. पावसाळी हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत जातो. चिलर २० वर असेल तर माठाला बाहेरून पाणी सुटतं तसं लेझरच्या आतल्या थंड पत्र्यावर सुटतं. डायोडला पाण्याचा थेंब म्हणजे शेवटच. भोसरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी हे मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, थंड ठेवलं तर चांगलंच ना मशीनला?" काका, दवबिंदूच्या वर थंड ठेवा. लेझरच्या कॅबिनेटला एसी किंवा ड्रायर असेल तर तो रात्रीही बंद करू नका.

परत येणारा प्रकाश

पंप डायोड मरतात ती आणखी एक वाट आहे. पितळ किंवा तांबं कापताना, विशेषतः भोक पाडायच्या पहिल्या क्षणी, बराच प्रकाश परावर्तित होऊन आल्या वाटेने परत जातो. त्यातला काही फायबरच्या जाड थरात शिरतो, आणि कंबाइनर उलट्या दिशेनेही तितकाच चालतो. तो थेट डायोडच्या त्या १ मायक्रॉनच्या तोंडावर पोचतो. तोंड आधीच स्वतःच्या प्रकाशाने मर्यादेजवळ असतं. थोडं तापलं की जास्त शोषतं, जास्त शोषलं की आणखी तापतं, आणि क्षणात वितळतं. ही वितळण्याची मर्यादा वाढवायला तोंडावर खास लेप देतात. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेने ९८० नॅनोमीटरच्या डायोडसाठी असं तंत्र बसवलं होतं, ते समुद्राखालच्या केबलच्या ॲम्प्लिफायरसाठी, जिथे दुरुस्तीला जाणं म्हणजे जहाज पाठवणं. त्या टेलिकॉमच्या काळातल्या विश्वासार्हतेवरच आजचे औद्योगिक पंप उभे आहेत. चांगल्या मॉड्यूलमध्ये शिवाय एक फिल्टर असतो, जो ९७६ ला जाऊ देतो आणि १०३० ते १०८० ला अडवतो.

डायोडच्या जागी दुसरा लेझर

साउदम्प्टन विद्यापीठाच्या गटाने २००४ मध्ये डायोडने पंप केलेल्या एकाच फायबरमधून १.३६ किलोवॅट काढले. त्यानंतर पाच वर्षांनी, २००९ मध्ये, आयपीजी फोटॉनिक्सने १० किलोवॅटचा सिंगल-मोड लेझर दाखवला. त्यात शेवटच्या टप्प्याला डायोडचा प्रकाश थेट दिलेलाच नाही. डायोडने आधी बरेच छोटे फायबर लेझर चालवले, त्यांचा प्रकाश १०१८ नॅनोमीटरचा, आणि त्यांनी शेवटचा फायबर पंप केला. याला टँडम पंपिंग म्हणतात. १०१८ वरून १०७० ला जाताना उष्णता ९ ऐवजी ५ टक्केच, आणि पंप स्वतःच फायबर लेझर असल्याने त्याचा ब्राइटनेस डायोडच्या कित्येक पट. १०१८ ला शोषण कमी असतं ही अडचण, पण पंप इतका ब्राइट असल्यावर जाड थर बारीक करून ती भरून काढता येते.

जॉबवर्कच्या मशीनला हे लागत नाही, तिथे साधे डायोडच असतात. तेव्हा कोटेशन घेताना किलोवॅटच्या पुढे चार गोष्टी विचारा: पंप ९१५ चा आहे की ९७६ चा, ९७६ असेल तर तरंगलांबी लॉक केलेली आहे का, पंप मॉड्यूलमध्ये उलट्या प्रकाशाचा फिल्टर आहे का, आणि एखादा मॉड्यूल गेला तर तो इथे बदलून मिळतो की अख्खा सोर्स परत पाठवावा लागतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.